भाऊजींची शिट्टी

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, कॉलेजात खेळाचे सर होते आणि त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. कायम म्हणजे कायम. आंघोळीला जाताना ती खुंटीला लागायची आणि अंग कोरडं व्हायच्या आत पुन्हा गळ्यात यायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती कोटाच्या आत होती. फोटोग्राफर पाहुण्यांना रांगेत उभं करता करता मेटाकुटीला आला, तेव्हा नवऱ्या मुलानं आतून शिट्टी काढली आणि अशी काही वाजवली की आमच्या आजीच्या हातातला कप खाली पडला. "शिस्तीचा माणूस दिसतोय," असं वडील कौतुकानं म्हणाले. वडिलांना माणसांची पारख नव्हती, हे इथंच सांगून टाकतो.

ताईच्या घरातला सगळा कारभार शिट्टीवर चालायचा. एक आखूड शिट्टी म्हणजे चहा. दोन आखूड म्हणजे चहा आणि वर्तमानपत्र. एक लांब म्हणजे मुलांनो, उठा. आणि लांबलचक, शेवटी थरथरणारी वाजली, की कुणाचं तरी काहीतरी चुकलंय आणि ज्याचं चुकलंय त्यानं आपण होऊन समोर यावं. ताई आतून 'ओ' द्यायची नाही, सरळ कप घेऊन यायची. माणूस तसा वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, हात उगारणं नाही. फक्त बायकोला हाक मारायला देवानं तोंड दिलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यांच्या मुलानं शिक्षण संपताच लांबच्या शहरात नोकरी धरली. पगार बेताचाच होता. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, तिथं शांतता आहे."

मी त्याच कॉलेजात ग्रंथालयात कामाला. ग्रंथालयाची मागची खिडकी मैदानावर उघडते, त्यामुळे भाऊजींची कारकीर्द मला बसल्या जागी, फुकटात पाहायला मिळाली. तिचं सार एका वाक्यात येतं. त्यांच्या हाताखाली कॉलेजचा फुटबॉलचा संघ एकही सामना जिंकला नाही. बरोबरी दोनदा झाली. एकदा मैदानात गुडघाभर पाणी साचलं म्हणून आणि एकदा चेंडू फुटला आणि दुसरा कुणाकडेच नव्हता म्हणून.

भाऊजी मुळात कवायतीचे मास्तर. फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो आधीचे सर सोडून गेले म्हणून. मग त्यांनी आमच्या ग्रंथालयातून फुटबॉलवरचं एकुलतं एक पुस्तक नेलं आणि घोकून पाठ केलं. दुर्दैवानं त्यातलं ऑफसाइडचं प्रकरण वाळवीनं खाल्लं होतं. त्यामुळे ऑफसाइड नावाची भानगड म्हणजे पंचांनी आपल्या पोरांना छळायला काढलेलं खूळ आहे, असं त्यांचं ठाम मत झालं आणि ते त्यांनी पोरांच्या दर पिढीला मनापासून शिकवलं. सामन्यात झेंडा वर गेला की आमची पोरं मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. हरल्यावर भाऊजी सांगायचे, डाव्या कोपऱ्यात उंचवटा आहे, चेंडू तिथं अडतो. नाचता येईना, अंगण वाकडं. पुढं तो उंचवटा नगरपालिकेनं पाइप टाकताना काढून टाकला. तेव्हा भाऊजींचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता.

पण शिस्त मात्र विचारू नका. मैदानावरून सायकल गेली, शिट्टी. कुत्रं गेलं, शिट्टी. शिपाई जरा रमतगमत निघाला, शिट्टी. मुलीसुद्धा व्हरांड्यातून त्यांच्यासमोर ओळीत चालायच्या. प्राचार्य दिसले की मात्र शिट्टी शर्टाच्या आत जायची. सहज जायची, आपली आपण. अध्यक्षसाहेब, म्हणजे ज्यांच्या संस्थेचं हे कॉलेज, ते दिसले तर शर्टाचं वरचं बटणही लागायचं.

दोन वर्षांपूर्वी याच शिस्तीपायी त्यांनी एक पराक्रम केला. झालं होतं असं, की आमचा संघ एका कॉलेजात खेळायला गेला आणि तिथं मैदानावर त्यांचा वर्गावर्गांचा फोटो चालला होता. आम्ही उन्हात ताटकळलो, मग खेळलो, मग हरलो. सगळ्या कॉलेजांच्या खेळाच्या सरांची बैठक झाली तेव्हा भाऊजींनी टेबलावर मूठ आपटली. यजमान कॉलेजच्या सरांनी वेळ झाली की शिट्टी मारून मैदान मोकळं करायचं आणि पंचांच्या ताब्यात द्यायचं, ही रीत आधीपासून होतीच. भाऊजींनी तिला शेपूट जोडलं. पाव तासात मैदान मोकळं झालं नाही, तर यजमान हरले. खेळ नाही, दयामाया नाही. बाकीच्यांना जेवायला उशीर होत होता, त्यांनी हात वर केले. घरी येताना भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "आता कुणीतरी उशीर करणारच. एक तरी सामना पदरात पडेल." पण भाऊजींच्या धाकानं सगळी कॉलेजं घड्याळ लावून मैदान झाडू लागली. नियम नुसताच लोणच्यासारखा मुरत पडला.

या वर्षी भाऊजी निवृत्त होणार होते. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका दुपारी ते ग्रंथालयात आले, समोर बसले आणि बराच वेळ वर्तमानपत्र उलटं धरून वाचत राहिले. मग म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मला एक सामना जिंकायचाय. ढाल नको, पेपरात फोटो नको. एकच सामना. सरत्या वेळी पंचाची शिट्टी वाजते ना, ती मी जन्मभर हरलेल्याच्या कानांनी ऐकली रे. एकदा दुसऱ्या कानांनी ऐकायचीय."

मी त्यांची थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मला वाईट वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू? त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, तोही न वाजवता.

आता संघाकडे या. कप्तान होता अध्यक्षसाहेबांचा पुतण्या. त्याला सगळे युवराज म्हणायचे, आणि तो ते खरं धरायचा. फ्री किक त्याची, कॉर्नर त्याचा, थ्रो त्याचा. गोलकीपर होता एका सुताराचा धिप्पाड मुलगा, त्याचं नाव पडलं होतं भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. याला हात नव्हते. आणि एक होता काडी. हडकुळा, अबोल, कपड्यांत हरवलेला. हा मात्र खरोखर खेळायचा. चेंडू त्याच्या पायाशी आला की मी हातातली पुस्तकं खाली ठेवायचो. पण चेंडू युवराजाकडून त्याच्याकडे येणार कधी!

हंगाम रीतीप्रमाणे सुरू झाला. इंजिनिअरिंगच्या पोरांनी इतके गोल केले की शेवटी शेवटी तेच कंटाळून आपसात जागा बदलून खेळू लागले. मेडिकलच्या पोरांनी आधी आम्हाला तुडवलं आणि मग पट्ट्या बांधून दिल्या. लॉ कॉलेजविरुद्ध आम्ही खेळून हरलो नाही, वाद घालून हरलो. कॉमर्सच्या सामन्यात काडीनं एक गोल मारला. इतका सुरेख, की आमच्याच पोरांना काय करावं कळेना आणि त्यांनी काडीला धरून विचारलं, "आता काय असतं?" तो सामनाही अर्थात आम्ही हरलो. प्रत्येक वेळी परतीच्या बसमध्ये भाऊजी उभे राहून सांगायचे की हा नैतिक विजय आहे, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर प्राचार्यांच्या सहीनं लागायचं, 'संघाची झुंजार कामगिरी'.

उरला शेवटचा सामना. घरच्या मैदानावर, शेतकी कॉलेजशी. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तशी ती वीट. तीही पोरं सगळे सामने हरली होती. त्यात सामन्याच्या आठवड्यात बातमी आली की त्यांच्या वसतिगृहात गालगुंडाची साथ आलीय. अर्धा संघ गाल धरून पडलाय. कसेबसे आठ जण येतायत, आणि त्यातला एक मेसचा आचारी आहे.

त्या संध्याकाळी मी ताईकडे बसलो होतो, तेव्हा भाऊजी धावत घरी आले. धावत, या वयात. "आठच!" ते दारातून ओरडले. "आठच येतायत! काडीला मी पुढं खेळवतो, युवराजाला सांगतो कोपऱ्यात उभा राहा, फोटो काढतो तुझा. जिंकतोय आपण!" ताई कणीक मळत होती. ती म्हणाली, "जिंका बाई एकदाचे." आणि माझ्याकडे बघून हसली. तिलाही ते हवं होतं. भांड्याच्या आवाजात लपवलं तिनं, पण मला कळलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण ही बातमी प्राचार्यांनाही कळली.

कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा विजय आधीच माहीत झाला होता. असा विजय वाया घालवणं प्राचार्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बैठक बोलावली. विजयी संघाचा आणि निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षकांचा जाहीर सत्कार, अध्यक्षसाहेबांच्या हस्ते. अध्यक्षसाहेबांच्या कचेरीत फोन गेला. तिकडून उत्तर आलं, साहेब सामन्यानंतर मोकळे नाहीत, पेट्रोल पंपाचं उद्घाटन आहे. सामन्याच्या आधी येतील.

"मग आधी करू," प्राचार्य म्हणाले.

"काय आधी करू?" भाऊजींनी विचारलं.

"सत्कार."

"सर, पण सामना व्हायचाय अजून."

"म्हणजे तुमचा स्वतःच्या संघावर विश्वास नाही?"

भाऊजींचं बटण लागलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण तिच्यासाठी मंडप आणि माइक भाड्यानं आणलेले पहिल्यांदाच पाहिले. सन्मानचिन्ह करायला टाकलं गेलं. पितळी पट्टीवर कोरलं होतं, 'विजयी संघाचे यशस्वी मार्गदर्शक'. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पेपर लिहायच्या आधी निकाल लागलेला ऐकला नव्हता कधी." भाऊजींनी यावर लांब, थरथरणारी शिट्टी मारली. चूक कुणाची ते त्या घरात नेहमी असंच ठरायचं.

सामन्याच्या दिवशी मी खिडकी उघडली आणि पाहतच राहिलो. व्यासपीठ मैदानावर होतं. मैदानाच्या कडेला नव्हे, मैदानावर. अध्यक्षसाहेबांना ऊन सोसत नाही, आणि दुपारी इमारतीची सावली पडते ती नेमकी उजवीकडच्या गोलसमोर. तेव्हा मंडपवाल्यानं पेनल्टीच्या ठिपक्यावर पहारीनं खड्डा घेऊन खांब रोवला होता. पुढं खुर्च्या पार मध्यरेषेपर्यंत. मी खाली गेलो आणि भाऊजींना म्हटलं, "अहो, हे उठवणार कधी?"

"साहेब वेळेवर येणार आहेत. पाच मिनिटांचं भाषण. मंडपवाल्याची माणसं तयार उभी आहेत." त्यांनी शिट्टी बोटांनी चाचपली. "एकदा वाजवली की सगळं साफ."

साहेब वेळेवर आले नाहीत. ते आले तेव्हा सामन्याला थोडाच अवकाश होता. पोरांना व्यासपीठावर रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एक एक पुष्पगुच्छ दिला. बूट घातलेले, मोजे वर ओढलेले, हातात फुलं, असा तो विजयी संघ. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शेतकीचे आठ जण पाय झाडत होते. आचारी सगळ्यांत चपळ दिसत होता.

अध्यक्षसाहेब बोलायला उठले. लहानपणी आपण चिंध्यांच्या चेंडूनं कसं खेळायचो इथून त्यांनी सुरुवात केली. चेंडूवरून ते आईच्या साडीवर गेले, साडीवरून गरिबीवर, गरिबीतून बाहेर पडून थेट परदेशात, तिथल्या स्टेडियमवर, आणि तिथून सिमेंटच्या भावावर. पंच म्हणून आलेल्या बाई एका शाळेत खेळ शिकवायच्या. ठेंगण्या, काटक, मनगटावर मोठं घड्याळ. त्या व्यासपीठाच्या पायरीशी आल्या.

"सर, वेळ झाली. शिट्टी मारा, मैदान द्या मला."

"हो हो. झालंच. साहेब संपवतायत."

साहेब सिमेंटवरून सळईवर आले होते. बाई परत गेल्या, परत आल्या.

"सर, नियम तुम्हीच केलाय. माझ्या हातात काही नाही. पाव तास संपत आलाय."

भाऊजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य तन्मयतेनं मान डोलवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेवटच्या रांगेतून दोन्ही हातांनी खुणा केल्या, वाजवा म्हणून. मी ग्रंथालयाचा माणूस, माझ्याकडे शिट्टी कुठली!

तेवढ्यात रांगेतून काडी बोलला. वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नव्हता तो पोरगा, फुलं छातीशी धरून, मोठ्यानं म्हणाला, "सर, मारा ना शिट्टी!"

भाऊजींनी शिट्टी तोंडात घातली. गाल फुगले. मला आठवतंय, माझ्या शेजारचा शिपाई उठून उभा राहिला आणि खुर्ची उचलायच्या तयारीनं हात पुढे केला. जन्मभर कुत्र्याला, सायकलवाल्याला, शिपायाला, पोराबाळांना, बायकोला जे वाजवलं ते एकदा, फक्त एकदा, वरच्या दिशेनं वाजवायचं होतं. अध्यक्षसाहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी मान वळवली आणि भुवई जराशी वर केली. रागावले नाहीत, नुसतं पाहिलं.

भाऊजींच्या गालातली हवा नाकातून निघून गेली. शिट्टी तोंडातून सुटली आणि शर्टाच्या आत गेली.

"काही नाही साहेब. चालू द्या."

"तर मी काय सांगत होतो," साहेब म्हणाले आणि पुन्हा चिंध्यांच्या चेंडूवर गेले.

पंचबाईंनी घड्याळ पाहिलं आणि आपली शिट्टी वाजवली. ती प्लॅस्टिकची होती, शाळकरी पोरांच्या हातात असते तसली. तिचा आवाज मात्र सगळ्या मैदानाला ऐकू गेला. शेतकीच्या आठ जणांना आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि आचाऱ्यानं एका पोराला उचलून खांद्यावर घेतलं. अध्यक्षसाहेबांना वाटलं ही आपल्या भाषणाला दिलेली सलामी आहे. त्यांनी हात जोडले, टाळ्या पडल्या, आणि त्याच भरात त्यांनी भाऊजींच्या हातात सन्मानचिन्ह ठेवलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा हसा." सर हसले. तो फोटो प्राचार्यांच्या खोलीत अजून आहे.

काडीनं आपला गुच्छ खुर्चीवर ठेवला. एक चेंडू घेतला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि रिकाम्या गोलात मारला. मग बुटांच्या नाड्या सोडून, बूट हातात धरून तो फाटकातून निघून गेला. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं, 'तांत्रिक पराभव, नैतिक विजय'.

संध्याकाळी मी भाऊजींना घरी सोडायला गेलो. ताईनं दार उघडलं. हातातलं पितळ पाहून तिचा चेहरा उजळला.

"जिंकलात?"

भाऊजींनी सन्मानचिन्ह टेबलावर पालथं ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. मग मी ताईला सगळं सांगितलं. चिंध्यांचा चेंडू सांगितला, आचारी सांगितला, ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. काडीनं काय म्हटलं ते दोनदा विचारून घेतलं. मग ती ओट्याशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

बऱ्याच वेळानं भाऊजी बाहेर आले. गळ्यात शिट्टी होती, पण हात तिच्याकडे गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले, एकदा घसा खाकरला, आणि अगदी हळू, परक्या घरात आल्यासारखं म्हणाले, "चहा मिळेल का?"

इतक्या वर्षांत ताईनं ते शब्द पहिल्यांदा ऐकले असतील. ती वळली नाही.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला."